बाद मत

"ताई, खरं सांगा. ते श्री तुम्हीच लिहिलं ना?"

नानाभाऊंनी विचारलं तेव्हा आम्ही दहा नगरसेवक पक्षाच्या कार्यालयात भिंतीला लागून उभे होतो. खुर्च्या होत्या, पण बसायला कुणी धजत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात वर्तमानपत्रवाले जमले होते. तासाभरापूर्वी विधान परिषदेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला होता. समोरच्यांना एकशे त्र्याण्णव, आमच्या उमेदवाराला एकशे ब्याण्णव आणि एक मत बाद.

ते बाद मत आमच्या उमेदवाराचंच होतं. त्याच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा नीट, ठसठशीत एक काढलेला. फक्त पत्रिकेच्या माथ्यावर, मधोमध, त्याच जांभळ्या स्केचपेननं लिहिलं होतं: श्री. मतदाराची ओळख पटेल अशी कुठलीही खूण केली की मत बाद, असा नियम. आणि ही ओळख इतकी पटण्यासारखी होती की मोजणीच्या टेबलावर समोरच्यांचा प्रतिनिधीही म्हणाला म्हणे, "ही कोठावदेकाकूंची."

कासारखेड्यात कुणीही सांगितलं असतं. मी नगरपरिषदेच्या हजेरीपटावर सही करण्याआधी श्री लिहायची. किराणा दुकान आमचंच, तरी घरच्या यादीवर श्री. गॅसच्या नंबरासाठी फाटका कागद घेतला तरी श्री. सकाळी अंघोळ झाली की अन्नपूर्णेची पूजा, मग वहीत अकरा ओळी नाम, मगच पाणी. जेवताना मौन. हे लग्नाआधीपासूनचं. नगरसेविका झाल्यावरही काही बदललं नाही. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाला वाद नसलेलं नाव हवं होतं, म्हणून मी झाले. मोठ्यानं बोललेलं माझं कुणी ऐकलेलं नव्हतं.

त्या वर्षी विधानसभेच्या निवडणुकीला अजून दोन वर्षं होती. रस्त्यावरच्या माणसाला ही पोटनिवडणूक माहीतही नव्हती, कारण मतं आमचीच, नगरसेवकांची आणि जिल्हा परिषद सदस्यांची. पण वरच्या सभागृहात दोन्ही बाजूंची डोकी सारखी झाली होती. आमच्या जिल्ह्यातले आमदार वारले आणि ती एक रिकामी जागा जो भरेल त्याचा सभापती, असं होऊन बसलं. मुंबईहून रोज फोन यायचे. आमच्या तालुक्याची मतं सांभाळायची जबाबदारी नानाभाऊ निकुंभांवर होती.

मी मान हलवली. हो, मीच.

नानाभाऊंनी कपाळाला हात लावला. हिरालाल भामरे, आमच्यातला थट्टेखोर, पुटपुटला की देवानंच पाडलं आपल्याला, आता तक्रार कुणाकडे करायची. दोघंतिघं हसले.

मंदा बोरसे तेवढी आली नव्हती. तिचे वडील जाऊन सहावा दिवस होता. माहेरच्यांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. बापाला खांदा द्यायला माणसं तुझी वाट बघत थांबली असती, पण तुला मत मोठं वाटलं, आता त्या मतवाल्यांकडेच जा, असं थोरला भाऊ सुदाम चार लोकांत बोलला होता.

हे असं का झालं ते सांगायचं तर मला सहलीपासून सांगावं लागेल. सहल हा त्यांचा शब्द.

शुक्रवारी दुपारी आम्हा अकराजणांना एका बसमध्ये घालून डोंगरातल्या एका रिसॉर्टवर नेलं. साडेतीन तासांचा रस्ता. मतदान सोमवारी. बसमध्ये चढतानाच एक रेक्झिनची पिशवी फिरली आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात गेले. सुरक्षिततेसाठी, असं सांगितलं. माझ्याकडे मोबाइल नव्हताच, माझ्या मांडीवर देवाचा डबा होता. हिरालाल म्हणाला, काकूंचा देव पण फुटू नये म्हणून सहलीला आणलाय. मीही हसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. शेतातून, दुकानातून, चुलीपुढून कधी न उठलेल्या बायकांना कुणी पोहायच्या तलावाशेजारी खोली देतं तेव्हा बरं वाटतंच. मॅनेजरनं माझ्यासाठी वेगळ्या कढईत साबुदाण्याची खिचडी करवली होती.

मंदा माझ्या खोलीत होती. चौतिशीची, दोन मुलांची आई, वॉर्डातलं पाणी दोन दिवस आलं नाही तर टाकीवर चढून बसणारी. मला काकू म्हणायची. रात्री झोपताना तिनं दोनदा विचारलं की उद्या शनिवार ना.

शनिवार हा तिचा वडिलांचा वार होता. भिकाआप्पांना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. न्हाव्याला जवळ येऊ देत नसत, सुनांना तर नाहीच. मग मंदा दर शनिवारी सकाळच्या बसनं पिंपळकोठ्याला जायची, वडिलांची दाढी करायची, नखं काढायची, दुपारी भाकरी कुस्करून भरवायची आणि संध्याकाळी परत. आठ महिन्यांत एक शनिवार चुकला नव्हता. ह्या शनिवारसाठी तिनं नानाभाऊंना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, बघू, तिथं गेल्यावर गाडी देतो.

शनिवारी सकाळी माझी पूजा आटोपत आली होती तेव्हा दारावर टकटक झाली. नानाभाऊ पादत्राणं बाहेर काढून आत आले. मागे बाकीचे नऊजण, कुणी टॉवेल खांद्यावर टाकलेला, कुणी दात घासत. नानाभाऊंनी अन्नपूर्णेपुढे डोकं टेकलं. मग माझ्याकडे वळून फार नम्रपणे म्हणाले की ताई, हे मतदान गुप्त, इथं पक्षादेश चालत नाही, कुणी कुणाला बांधू शकत नाही. तुमच्या देवाशिवाय आधार नाही. सगळ्यांना शपथ तुम्ही द्या.

मला अभिमान वाटला. तो शब्द मी खोडणार नाही. चाळीस वर्षं ज्या मूर्तीला मी एकटीनं अंघोळ घातली तिच्यापुढे दहा माणसं हात जोडून उभी होती, त्यात दोन माजी नगराध्यक्ष. मी ताम्हनात मूर्ती ठेवली, हळदकुंकू वाहिलं. एकेकानं पुढे यायचं, मूर्तीवर उजवा हात ठेवायचा आणि म्हणायचं की माझं मत आपल्या उमेदवारालाच देईन, आणि मतदान होईपर्यंत ही जागा सोडून कुठंही जाणार नाही. दुसरं वाक्य नानाभाऊंनी घातलं होतं.

मंदाची पाळी आली तेव्हा ती थबकली. म्हणाली, "काकू, मला आज आप्पांकडे जायचंय. गाडी देणार होते."

नानाभाऊ काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मला ते बघणं आजही दिसतं.

मी म्हटलं, "अगं, दोन दिवसांचा तर प्रश्न. सोमवारी मत दिलं की सरळ तिकडं जा. देव सांभाळेल आप्पांना."

आणि तिचा हात मी धरला. माझ्या हातानं मूर्तीवर ठेवला. तिनं दोन्ही वाक्यं म्हटली. शेवटी मी स्वतः शपथ घेतली.

मंदा शब्दाची पक्की. शनिवारचा दिवस ती तलावाच्या कडेला पाय सोडून बसली. रविवारी रिसॉर्टच्या दारातल्या टपरीवरून तिनं वडिलांसाठी लोकरीची कानटोपी घेतली, खाकी रंगाची. मला घालून दाखवली. आप्पांना टोपीशिवाय राहवत नाही पण कापडाची घसरते, ही कानाला धरून राहील, असं म्हणाली.

सोमवारी सकाळी सातला बस निघायची होती. मी देवाचा डबा पोटाशी धरून सगळ्यांच्या आधी खाली आले. काउंटरवर जयंती नावाची मुलगी बसायची, त्याच डोंगरातल्या पाड्यावरची. रविवारी तिनं मला फुलं आणून दिली होती. मी तिच्या हातावर प्रसादाची खडीसाखर ठेवली. ती म्हणाली की आजी, तुमच्याबरोबरच्या बोरसेबाई फार धीराच्या हो. मी म्हटलं, कशावरून.

"वडील गेले तरी थांबल्या ना. मी असते तर नसते थांबले."

मी विचारलं, कुणाचे वडील.

तिच्या लक्षात आलं की आपण बोलायला नको होतं. पण पोरगी खोटी नव्हती. हळूहळू तिनं सगळं सांगितलं. शनिवारी सकाळी साडेसातला काउंटरवरच्या फोनवर बोरसेबाईंच्या भावाचा फोन आला. पहाटे वडील वारले, बहिणीला द्या. तिनं निरोप्याला वर पाठवायच्या आधीच तुमचे साहेब तिथं आले आणि फोन घेतला. सांगून येतो, थोड्या वेळानं करा म्हणाले; परत फोन आला तेव्हा ते बोलले ते तिनं समोर बसून ऐकलं. "मंदाताईंना सांगितलं. फार रडल्या. म्हणाल्या, माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या. मतदान झाल्याशिवाय मला निघता येत नाही." त्यानंतर दुपारपर्यंत भावाचा तीनदा फोन आला. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की बाईंना त्रास होतो, जोडू नका.

साडेसातला फोन. आठला माझ्या दारावर टकटक.

पादत्राणं बाहेर काढून, डोकं टेकून तो माणूस माझ्या देवापुढे बसला होता तेव्हा त्याला माहीत होतं. मंदा म्हणाली आप्पांकडे जायचंय, तेव्हा त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती. मी होते ना बोलायला.

मला आयुष्यात राग आला नव्हता असं नाही. सासूचा आलाय, पोरांचा आलाय. येतो आणि जातो. हा तसा नव्हता. डबा खाली ठेवावा लागला.

नानाभाऊ बसच्या दाराशी यादी घेऊन उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं की मंदाचे वडील गेले. ते दचकले नाहीत. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात समजावू लागले. शनिवारीच माती झाली, आता सांगून गेलेला माणूस परत येणार आहे का. चार तासांचा प्रश्न. मतदान झालं की मी स्वतः माझी गाडी देतो. आत्ता तिला कळलं तर ती रडून गोंधळ घालेल, एक मत जाईल, आणि एका मतावर सभागृह आहे, ताई, आख्खं सभागृह. मग म्हणाले, "आणि ती थांबली ती तुमच्या देवामुळं. मी फक्त फोन घेतला."

मी बसच्या दाराकडे वळले.

"तुम्हीही शपथ घेतलीय," ते म्हणाले. "आणि हे बघा, हसू नका, पण तेवढं श्री नका लिहू पत्रिकेवर. मत बाद होईल. आठवण राहील ना?"

मी म्हटलं, राहील.

बसमध्ये मंदा माझ्या शेजारी बसली. नानाभाऊ बरोबर आमच्या मागच्या सीटवर येऊन बसले. साडेतीन तास. कानटोपी मंदाच्या मांडीवर होती. शनिवार चुकला म्हणून आप्पा रुसले असतील, रुसले की डाव्या हातानं गोधडी ओढून तोंडावर घेतात, हे ती सांगत होती. मला सांगायचं होतं. दोनदा मी तिच्याकडे तोंड वळवलं. दोनदा मागून नानाभाऊ खाकरले. आणि मी गप्प बसले. ती बस, त्या अकरा माणसांत तिचं रडणं, मग कुणीतरी तिला दंडाला धरून मतपेटीपर्यंत नेणं, हे सगळं मला दिसत होतं, असं मी पुढे स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की मला भीती वाटली. साठ वर्षं हळू बोलण्याची सवय लागलेल्या बाईला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते आलं नाही.

तहसील कचेरीत साडेदहाला आम्ही रांगेत लागलो. माझी पाळी आली. हातात पत्रिका आणि ते जांभळं पेन. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच एकटी.

मी आमच्या उमेदवाराच्या नावापुढे एक काढला.

बाहेर आलो तेव्हा नानाभाऊ मंदाकडे चालत गेले. त्यांच्या हातात रुमाल होता. म्हणाले की ताई, धीर धरा, आत्ताच फोन आला. डोळे पुसले. स्वतःचे. मग आपल्या गाडीचं दार स्वतः उघडून तिला आत बसवलं आणि सगळ्यांना म्हणाले, बघा, ही निष्ठा. लोकांनी माना डोलावल्या. गाडी निघताना मंदा काचेतून माझ्याकडे बघत होती. आत्ताच गेले असंच ती समजत होती. अजून मुखदर्शन होईल, या आशेवर गेली.

ती संध्याकाळी माझ्याकडे आली. उंबऱ्यातच बसली. रडत नव्हती. सुदाम तिला काय बोलला ते तिनं सांगितलं. शनिवारी गेले म्हणतात, काकू. मी निरोप पाठवला म्हणतात, उरकून घ्या असा. मी कधी पाठवला? मी तर तलावापाशी बसले होते, तुम्ही बघितलंत ना. घरातल्या बायकांनी तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं. वडिलांची दाढी शेवटी कुणी केली हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. हेच ती पुन्हापुन्हा विचारत होती, जणू मी तिथं होते.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फोनचं, वेळेचं, जयंतीचं, आणि बसमधल्या माझ्या गप्प बसण्याचंही. ती म्हणाली, "हे मी सांगून त्यांना पटेल?"

नसतं पटलं. पोरगी आता सारवासारव करते, असंच म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिचा जिल्हाभर फोटो छापून आला, पितृशोकातही पक्षनिष्ठा म्हणून. तो अंक पिंपळकोठ्यातही गेला. तिचं माहेर त्या फोटोनं पक्कं बंद केलं, आणि ते उघडायचं तर ज्यानं फोनवर तिचं तोंड वापरलं त्यानंच बोलायला हवं होतं.

गुरुवारी निकाल लागला आणि मी पुन्हा त्या कार्यालयात, भिंतीला लागून.

नानाभाऊ येरझारा घालत होते. मुंबईला काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता. पण थोड्या वेळानं त्यांचा आवाज निवळला. त्यांना वाट सापडली होती. बाहेरच्या मंडळींना सांगू की आमच्या एक वयस्कर, श्रद्धाळू सदस्या आहेत, सवयीनं हात गेला, फितुरी नाही, पक्ष एकसंध आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की ताई, रागावत नाही मी तुमच्यावर. भोळा माणूस चुकतो. या, बाहेर दोन शब्द बोला, हात जोडा, माफी मागा, संपलं.

मी म्हटलं, "नानाभाऊ, मी विसरले नव्हते."

त्यांना ऐकू आलं नाही. माझा आवाज तेवढाच होता. हिरालालला ऐकू आलं. त्यानं मान वर केली.

मी पुन्हा म्हटलं, "विसरून नाही लिहिलं. तुम्ही आठवण केली होती, ती होती माझ्या लक्षात. शपथ मत द्यायची होती, ते मी दिलं. बघा, एक काढलाय त्याच्यापुढे. ते मोजलं जावं अशी शपथ तुम्ही घातली नव्हती."

नानाभाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाले की ताई, काय बोलताय, कशासाठी. मी सांगितलं कशासाठी. दहा माणसांसमोर, वेळेसकट सांगितलं. साडेसात आणि आठ. ज्या माणसांनी त्या सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून मूर्तीवर हात ठेवले होते ती एकेक करून खुर्च्यांवर बसली. हिरालाल थट्टा विसरला.

"बाहेर मी येते," मी म्हटलं. "दोन शब्द बोलायला सांगितलेत ते बोलते. हेच बोलीन. नाहीतर आत्ता गाडी काढा आणि पिंपळकोठ्याला चला. सुदामसमोर तुमच्या तोंडानं सांगा. मग मी आयुष्यभर भोळी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू काउंटरवरचा फोन आपोआप बोलायला लागलाय. नंतर किल्ली उचलली. मागच्या दारानं निघालो.

वाटेत मंदाला घेतलं. ती पुढे बसली नाही, माझ्याशेजारी बसली, पण मधे जागा ठेवून.

पिंपळकोठ्यात भिकाआप्पांच्या दारापुढे पत्र्याची शेड होती, सतरंजीवर पाचसहा माणसं बसलेली. मंदा गाडीतच थांबली. नानाभाऊंना बघून सगळे उठले. त्या गावातलं दूध त्यांच्या संघाला जायचं. कुणीतरी आतून खुर्ची आणली. मी उभी राहिले.

त्यांनी बराच वेळ आप्पांविषयी चांगलं सांगितलं. मग म्हणाले की फोनवर जरा गैरसमज झाला, आवाज तुटत होता, मंदाताईंपर्यंत निरोप नीट गेला नसावा.

"आवाज तुटत नव्हता," मी म्हटलं.

सुदामनं माझ्याकडे बघितलं. शेतात राबलेला, रुंद माणूस, डोक्याचे केस नुकते काढलेले. नानाभाऊ खुर्चीत हलले. मी त्यांच्याकडे बघत थांबून राहिले. त्यांनी रुमाल काढला, परत खिशात ठेवला. आणि मग, सतरंजीकडे बघत, पटपट, हिशेब उरकावा तसं सांगून टाकलं. तिला सांगितलंच नव्हतं. उरकून घ्या हे तिचे शब्द नव्हते. पुढचे फोनही तिला दिले नव्हते.

कुणी आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं कुणीतरी उठेल, कॉलर धरेल. मी ते बघायला आले होते, कबूल करते. सतरंजीवरची माणसं नानाभाऊंकडे बघत होती, मग आपल्या पायांकडे.

सुदामनं मला विचारलं, "पण ती थांबली कशी? तिला शनिवारी धरून ठेवणारा माणूस जन्माला नाही आला."

"शपथ घातली होती."

"कुणाच्या देवावर?"

"माझ्या."

"हात ठेवला तिनं आपणहून?"

"नाही. मी धरून ठेवला."

त्यानं माझ्यावरची नजर काढली. मग घराकडे तोंड करून बायकोला म्हणाला की जा, मंदी गाडीत आहे, तिला आण. दोन बायका धावत गेल्या. मंदा माझ्या शेजारून गेली. तिच्या हातात ती खाकी कानटोपी होती.

नानाभाऊ उठले. सुदामनं त्यांना हात जोडले. गाडीपर्यंत पोचवायला दोन माणसं गेली. एकानं तर दारही उघडून धरलं. इतकं झाल्यावर.

सुदाम माझ्यापाशी आला. आवाज माझ्याइतकाच हळू होता. "काकू, ते राजकारणी आहेत. त्यांचं आम्हाला ठाऊक होतं. तुमच्यावर माझ्या बहिणीनं विश्वास टाकला होता. तुम्ही ह्या घराच्या आत येऊ नका."

मी बरं म्हटलं.

गाडीतून नानाभाऊंनी हाक मारली, बसा ताई, सोडतो. मी हातानं नको म्हटलं. गाडी गेली. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली येऊन उभी राहिले, बस यायला अजून तास होता.

तेवढ्यात घरातून मंदाचं रडणं आलं. सहा दिवसांचं होतं ते. आधी एकटीचं, मग त्यात दुसऱ्या बायकांचे आवाज मिसळले, मग पुन्हा एकटीचं. मधेच ती विचारत होती, आप्पांची दाढी कुणी केली, सांगा ना, कुणी केली. आणि आतून सुदामचा फुटलेला आवाज आला, "मी केली, बाई. मी केली. कापलं गं त्यांना दोन ठिकाणी."

मला आत जायची मनाई होती. मी रस्त्यावर उभं राहून ते सगळं ऐकलं.